हळदीकुंकवाला तिघी

एका जपानी कादंबरीतली तरुण मंडळी शहरातल्या एका फ्लॅटात एकत्र राहतात आणि कोणी कोणाला काही म्हणजे काही विचारत नाही. मला हे इतकं आवडलं की हिंदी अनुवाद मी लागोपाठ दोनदा वाचला. आमच्या उज्जैनात रामघाटावरचा अनोळखी पंडासुद्धा आधी गोत्र विचारतो!

त्याच नादात मी दोन मैत्रिणींबरोबर फ्रीगंजात फ्लॅट घेतला. आमचं घर उज्जैनातच, देवास गेटजवळ. बाबांचा पारा चढला. "स्वतःचं घर असताना भाड्यानं? लोक काय बोलणार, काही सोचलंस?" शेवटी त्यांनी अट घातली: घरमालकिणीची एक जरी तक्रार आली, तरी बोऱ्या-बिस्तर गुंडाळून घरी. मी कबूल केलं.

मैत्रिणींतली थोरली रतलामची, नवऱ्याला सोडून आलेली. कादंबरी तिनं अर्ध्यावर मिटली. "कोई किसी से कुछ पूछता ही नहीं. फिर साथ काहे का?" मला तिचा रागच आला होता.

चैत्रात खालच्या मालकीणकाकूंकडे हळदीकुंकू होतं. काकू आपल्यातल्याच, मराठी. थोरलीनं सकाळपासून त्यांना आंब्याच्या डाळीसाठी कैऱ्या किसून दिल्या, डाळ वाटून दिली. संध्याकाळी काकूंनी मला कुंकू लावलं, धाकटीला लावलं, आणि तबक थोरलीच्या पुढून सरळ पलीकडे नेलं. "तुला डाळ देते हं, बेटा," एवढंच म्हणाल्या. साऱ्या बायका खाली मान घालून पन्हं पीत राहिल्या, काकूंनी बोलावलेली माझी आईसुद्धा. कोणी काही विचारलं नाही. ती शांतता कादंबरीत मला किती सभ्य वाटली होती! इथं तळपायाची आग मस्तकात गेली.

"काकू, हिचं कुंकू राहिलं."

"अगं, तिला कसं लावणार? तुला कळत नाही का?"

"हिच्या हातची डाळ चालते, मग कपाळ का नाही चालत?"

"असं तोंड चालवायचं असेल तर दुसरी जागा बघा," काकू कडाडल्या.

आईनं माझा दंड धरला. "माफी माग. बहोत झालं. बाबांना मी काय सांगू?"

मी तबकातला करंडा उचलला. "लगाऊँ?" थोरलीला विचारलं.

"लगा," ती म्हणाली.

मी तिला चांगलं ठसठशीत कुंकू लावलं, मग आईकडे वळले. "बाबांना सांग, तक्रार आली. पण मी घरी येणार नाही. उद्यापासून आम्ही तिघी दुसरी जागा बघतोय."