आंब्याच्या अढीशेजारचे गुलाब

फोन जरा जवळ धर गं नातबाई, आन् आधी ते गुलाब आंब्यांपासून लांब ठेव; इतकी शिकलीस, तुझं ध्यान असतं कुठं? फुलं आन् आंबे शेजारी दिसले की मला अजून तो दिवस आठवतो. तुझ्या आईच्या साखरपुड्याला तिचे आप्पा, म्हंजे तुझे आजोबा, दौंडला दवाखान्यात होते, आन् ती हटून बसलेली, “हार आप्पांनी लावलेल्या गुलाबांचाच पाहिजे.” आदल्या सांजंला फुलं तोडली आन् गारवा म्हणून आंब्याच्या अढीच्या खोलीत बादलीत ठेवली. सकाळी बघते तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. मनात आलं, आप्पांच्या जिवाचं काही वंगाळ तर न्हाई ना? सासूबाई म्हणाल्या, “पिकत्या आंब्याच्या वाफेनं फुलं म्हातारी होत्यात. त्यांनी माना टाकल्या, तू नको टाकू. कात्री आण.” देठं पाण्यात धरूनच तिरपी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळून गळ्यापातुर पाण्यात सोडली. पाहुणे फाट्यावर आले तरी फडकं सोडायचा मला धीर होईना. तुझ्या आईनंच सोडलं, तर माना ताठ. दुपारी त्याच फुलांचा हार गळ्यात घालून ती दवाखान्यात गेली, आप्पांनी एक फूल नाकाशी धरलं, म्हणाले, “आपल्याच रानातलं हाय.” आता रान मी एकटीच बघते, बाई, लवकर येऊन जा.