लुत्फीचा ट्रे

"तुमची माणसं तुम्हाला सुचतात कुठून?" असं कुणी विचारलं की माझा कादंबरीकार भाऊ वगीह चष्मा काढतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "आतून येतात." एकदा रेडिओवाले घरी आले होते, त्यांनाही त्याने हेच ऐकवलं. मी स्वयंपाकघरात मुलुखियाची भाजी चिरत होते. तिथूनच ओरडले, "आतून म्हणजे इन्शिराहच्या भट्टीच्या आतून, असं सांग ना!" त्यांनी ते नंतर कापून टाकलं म्हणे. माझा उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला. नदी कुठून निघते हे कुणी लपवायला लागलं की मला राग येतो.

आमच्या दुमयात गावातल्या गल्लीच्या तोंडाशी ती भट्टी होती. घरोघरचे मासे, मकरोनी, बदकं, सगळं पत्र्याच्या ट्रेमधून तिथे भाजायला जायचं. बायका ट्रे ठेवून बसायच्या, आणि भट्टी गरम असली की तोंडंही सुटतात. कोपऱ्यात पिठाच्या पोत्यावर माझा भाऊ बसलेला असायचा. घरात त्याला टेबल आहे, खुर्ची आहे, पंखा आहे. पण टेबलाशी बसला की याला जांभया, आणि भट्टीपाशी घामाने निथळत बसला की कादंबरी! त्याच्या पुस्तकांतली भांडणं, लग्नं, नणंदा, सगळं मी आधी त्या भट्टीवर ऐकलेलं असे. हा फक्त नावं बदलायचा आणि नदी थोडी रुंद करायचा.

इन्शिराह त्या भट्टीची मालकीण. नवरा छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा दीर म्हणाले, भट्टी विकून टाकू, बाईमाणसाच्या हातून रोटी जळेल. तिने नवऱ्याचं, रोट्या आत सारायचं लांब दांड्याचं फळं उचललं आणि म्हणाली, "जळलेली मी खाईन. तुम्ही लाकडं फोडायला या." दीर लाकडं फोडायला आले नाहीत आणि भट्टीही विकली गेली नाही. बाई अंगाने आडवी, आवाजाने उभी. तिचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे बाई मुलाच्या नावाने ओळखली जाते, तशी ती सगळ्यांची उम्म लुत्फी, लुत्फीची आई.

आणि लुत्फी समुद्रावर गेला तो आलाच नाही. मासेमारीच्या बोटीवर होता. बोट परतली नाही. फळी सापडली नाही, माणूस सापडला नाही. बाकीच्यांच्या घरच्यांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग शेख बोलावून कुराण पढवून घेतलं. इन्शिराहने नाही. कुणी विषय काढला की ती विचारायची, "समुद्राने येऊन सांगितलं का तुला? नाही ना? मग तू कोण सांगणारी?"

रमजान ईदेच्या आधी गल्लीतल्या प्रत्येक घराचं कहक तिच्या भट्टीत यायचं. तुपातलं मऊ पीठ, आत खजूर, वर चिमट्याने काढलेली नक्षी, भाजून झाल्यावर पिठीसाखर. प्रत्येक घराची नक्षी वेगळी, म्हणून ट्रेची अदलाबदल होत नाही. सगळ्यांचं झालं की शेवटी इन्शिराह एक ट्रे आत सारायची. त्यावर माशाच्या काट्याची नक्षी. तो लुत्फीचा ट्रे. ते कहक डब्यात भरून कपाटावर ठेवायची आणि तिथलं गेल्या वर्षीचं खाली काढायची. दगड झालेलं ते कहक उरलेल्या दातांनी चहात बुडवून वर्षभर खायची. मी म्हणायची, "अगं, वाटून तरी टाक."

"वाटतात ते मेलेल्यांच्या नावाने, करीमानबाई. तो आला तर ताजं नको मिळायला?"

वगीहच्या नजरेतून ही बाई सुटणं शक्यच नव्हतं. साप्ताहिकात त्याची नवी कादंबरी दर आठवड्याला यायला लागली. त्यात भट्टी, भट्टीवर उम्म शौकी, तिचा शौकी समुद्रावर गेलेला. बायका खूश. शेजारच्या फिक्रिय्याची मुलगी भट्टीपाशी मोठ्याने वाचून दाखवायची. इन्शिराहने मला बाजूला घेऊन विचारलं, "मी त्यात जाड आहे का?"

"थोडीशी."

"थोडीशीच? खोटं लिहायला चांगला शिकलाय."

ईद आठवड्यावर आली तेव्हाचा भाग वगीहने मला छापायला देण्याआधी दाखवला. शौकीचं प्रेत किनाऱ्याला लागतं आणि आई त्याला मानेवरच्या तिळावरून ओळखते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हे देऊ नकोस."

"करीमान, गोष्टीला शेवट लागतो. लोकांना सत्य हवं असतं."

"आणि ते सत्य तुला कुणी आणून दिलं? कोळणीने, टोपलीतून?"

"तुला कादंबरीतलं कळत नाही," असं म्हणून तो टपालात टाकायला गेला.

मला वाटलं होतं, फार तर इन्शिराह चिडेल. जे झालं ते आमच्याच गल्लीत होऊ शकतं. आमच्याकडे मरणाची बातमी कुणी सरळ तोंडावर सांगत नाही. आधी हवापाण्याचं बोलतात, मग कुणा तिऱ्हाइताची गोष्ट काढतात, आणि ऐकणारा ओळखतो. अंक आला त्या दिवशी इन्शिराह तूप आणायला बाजारात गेली होती. फिक्रिय्याच्या मुलीने तो भाग भट्टीपाशी वाचला. वगीहला सगळ्या उस्ताज म्हणत, गुरुजी म्हणावं तसं. शेजारीण इतिदाल म्हणाली, "उस्ताजांचा एक मित्र बंदरावर साहेब आहे ना?" बस्स. सगळ्यांना कळलं! उस्ताजांना बातमी लागलीय. बिचाऱ्यांना तोंडावर सांगवेना, म्हणून कागदावर वळसा घालून सांगितली.

आणि ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात त्या ईदेला कहक होत नाही. शेजारणी आपापलं घेऊन जातात.

दुपारी इतिदाल, फिक्रिय्या आणि मागून आणखी चार-पाच जणी काळे कपडे घालून, रुमालाने झाकलेल्या ताटल्या घेऊन भट्टीवरच्या तिच्या घराचा जिना चढल्या. मी खिडकीतून पाहिलं आणि चपला शोधत धावले. मी पोहोचेपर्यंत दार उघडलं होतं. इन्शिराहचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. लुत्फीचंच पीठ मळत होती. इतिदालने तिला मिठी मारली आणि आमच्याकडे म्हणतात तसं म्हणाली, "त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो."

इन्शिराहला क्षणभर कळेना. मग ताटल्या दिसल्या. चेहरा पांढरा पडला, पिठाहून पांढरा. "कुणी सांगितलं?" एवढंच तिने विचारलं.

"उस्ताजांनी. साप्ताहिकात आलंय."

माझ्याकडे वळली. "बाई, खबर आली?"

"नाही!" मी ओरडले. "कसलीही खबर नाही. त्याने मनाने लिहिलंय!"

तिने श्वास सोडला तो जिन्याखाली ऐकू गेला असेल. मग इतिदालला हातभर लांब केलं. "त्याचं उरलेलं आयुष्य त्यालाच लागणार आहे," ती म्हणाली. "द्या त्या ताटल्या इकडे."

पिठाने भरलेल्या हातांनीच तिने सगळ्या ताटल्या मोठ्या ट्रेवर रचल्या, ट्रे डोक्यावर घेतला आणि आमच्या घराकडे निघाली. मागे काळ्या कपड्यांतल्या बायका, त्यांच्या मागे मी. वगीह टेबलाशी जांभया देत होता. तिने त्याच्या कागदांवर ट्रे ठेवला.

"उस्ताज, मयत तुमच्या घरी झालंय. दुखवट्याचं कहक तुमच्याकडे आलं."

"उम्म लुत्फी, ऐका तर. तो शौकी आहे. लुत्फी नाही."

"मग शौकीला माझ्या पोराच्या मानेवरचा तीळ कशाला दिलास?"

'तुम्ही' संपलं होतं. वगीह उठून उभा राहिला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"त्याला परत आण असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "ते तुझ्या हातात नाही, माझ्या हातात नाही. मग मारणं तुझ्या हातात कसं आलं? मी दुखवटा घेतला नाही. एकदा घेतला की पोर गेलं. लोकांची ताटं लोकांना दे. आणि ते होईपर्यंत या घरचा ट्रे माझ्या भट्टीत येणार नाही. दुखवट्याच्या घरचं कहक मी भाजत नाही."

ती गेली. माझं एवढं गायीचं तूप, रात्रभर मुरवलेलं पीठ, सगळं परातीत तयार होतं! मी वगीहला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

"मग नेऊन देऊ ताटल्या," तो पुटपुटला.

"रिकाम्या?"

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. घरात भाजलेलं काही नव्हतं, आणि होणारही नव्हतं. मी प्रत्येक ताटलीत साखर घातली. म्हटलं, "साखर माझी. बाकीचं तू तोंडाने द्यायचंस. प्रत्येक दारात."

आणि तो गेला, हे त्याच्या बाजूने सांगते. मी चार पावलं मागे होते, पळू नये म्हणून. प्रत्येक दारात तो एकच वाक्य म्हणत होता, "लुत्फीची काहीही खबर नाही. मी ते रचलं होतं."

इतिदाल म्हणाली, "रचलं? म्हणजे छापतात ते खोटं असतं?"

फिक्रिय्या तर खवळलीच. "आणि मी दुपारभर रडले ते? माझी काळी गलाबिया इस्त्री करून घातली ते? उस्ताज, इतकं हुबेहूब लिहायचंच कशाला मग! परीकथा लिहा की, राजाराणीची!"

एकीने मात्र हळूच विचारलं, "पण मग शौकीचं पुढे काय होतं?" तिच्यावर तो जवळजवळ खूश झाला होता. मी पाठीत बोट खुपसलं.

शेवटी भट्टी. बायकांच्या मागे रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा इन्शिराह त्याच्याकडे न बघता फळं आतबाहेर करत होती.

"बोट परतली नाही, एवढंच मला माहीत आहे," तो म्हणाला. "इथून पुढे तेवढंच लिहीन."

"आणि तो किनाऱ्याला लागलेला? छापून तर गेलाय तो."

"तो दुसराच कुणी निघेल. आई जवळून बघते तर तीळ नसतो, डाग असतो."

फळं थांबलं. मला वाटलं, आता हसेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"त्यालाही आई असेल," ती म्हणाली. "त्याला नीट पुर. दोन ओळींत उरकू नकोस."

वगीहने मान हलवली. "नाही उरकणार."

"मग तुमचा ट्रे आणा. भट्टी उतरायला लागलीय."

पुढच्या आठवड्यात त्याने त्या अनोळखी पोराला पुरलं. सगळी गल्ली मातीला गेली, उम्म शौकीने त्याला त्याच्याच आईसारखं न्हाऊ घातलं. मी भावाचं लेखन वाचून सहसा रडत नाही. रडायला वेळ नसतो, चुका दिसतात. त्या दिवशी रडले. संपादकाने मात्र फोनवर आरडाओरडा केला की वाचकांना शेवट कळत नाहीये, पोरगा जिवंत आहे की मेला ते सांगा. वगीह म्हणाला, "मलाच ठाऊक नाही." दोघांचं जमलं नाही. कादंबरी तिथे बंद पडली, आणि पुढे दुसऱ्याच कुणी पुस्तक म्हणून छापली. इन्शिराहने ती माझ्याकडून अथपासून इतिपर्यंत वाचून घेतली. शेवटच्या पानावर उम्म शौकी ट्रे आत सारते. "तूप किती घेतलं ते नाही लिहिलं त्याने," ती म्हणाली आणि पुस्तक उशाशी ठेवून दिलं.

त्यानंतरही वगीह भट्टीपाशी पोत्यावर बसायचा. फरक एवढाच की लिहिलेलं आधी तिला वाचून दाखवायचा. ती कधी म्हणायची, "हे राहू दे," कधी म्हणायची, "ही माझी जाऊ नाही, ही कोण सटवी?"

एका हिवाळ्यात ती झोपेतच गेली. भट्टी पुतण्याने चालवायला घेतली. ईद आली. तिच्या घरी कहक होणार नव्हतं, दुखवट्याचं घर. ताटल्या घेऊन जाव्या तर घरात घेणारं कुणी नव्हतं. मी आमच्या घरचं पीठ मळत बसले होते, तेवढ्यात वगीह आत आला. हातात चिमटा, इन्शिराहचा. पुतण्याकडून मागून आणला होता.

"माशाचा काटा कसा काढायचा, शिकव," तो म्हणाला.

"वेडा झालास? आता कुणासाठी?"

"ती गेली, करीमान. लुत्फीची खबर आलीय का?"

मी त्याला शिकवलं. हात असा जड की पहिले काटे माशाचे कमी आणि कंगव्याचे जास्त दिसत होते. फिक्रिय्या भट्टीपाशी म्हणाली, हे बरोबर नाही, दुखवट्यात असं करत नाहीत. वगीह म्हणाला, "दुखवटा आईचा आहे. मुलाचा नाही." तो ट्रे सगळ्यांच्या शेवटी आत गेला.

आता तो डबा आमच्या कपाटावर असतो. दर ईदेला नवं वर चढतं आणि जुनं खाली उतरतं. परवा कुणी मुलाखत घ्यायला आलं होतं, कुठल्याशा मोठ्या शहरातली मुलगी. तोच प्रश्न, माणसं कुठून सुचतात. मी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी. वगीह चहात बुडवलेलं दगडासारखं कहक दाढेखाली धरून बसला होता, त्यामुळे उत्तर लांबलं. मुलीला त्याची दया आली.

"उस्ताज, ताजं नाही का घरात?"

"आहे की," तो म्हणाला. "ते लुत्फीचं आहे."