गॅलरीतलं ओलं फडकं

तिला आम्ही सगळ्या 'पाटी' म्हणायचो. पाठीमागे. तोंडावर 'ताई'. वसतिगृहातल्या आमच्या मजल्यावर तिच्या हातची पाटी नाही अशी भिंत सापडायची नाही. 'बेसिनमध्ये केस सोडू नयेत.' 'दुसरीचा साबण दुसरीचाच असतो.' 'पाहुण्यांना सामाईक जागेत एकटे सोडू नये.' खाली ठसठशीत सही, मजला प्रमुख.

तिच्या घरी खोलीभर बहिणी, सख्ख्या-चुलत सगळ्या एकात एक. टॉवेल ज्याच्या हाताला लागेल त्याचा. तिचा नवा ड्रेस आधी आतेबहिणीच्या अंगावर गाव फिरून यायचा, मग तिला मिळायचा. "माझी म्हणून एक उशी होती, तीही कायम कुणाच्या तरी डोक्याखाली," असं ती सांगायची आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. ती हसायची नाही.

तिचं वाकडं होतं ते एकीशीच, मूर्तीवालीशी. ही शिल्पकला शिकत होती. खोलीत माती न्यायची नाही हा वसतिगृहाचा नियम, म्हणून बिचारी गॅलरीच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसायची. परीक्षेसाठी ती स्वतःच्या मावशीचं डोकं घडवत होती. काम झालं की त्यावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायची.

"ही गॅलरी सगळ्यांची आहे का तुझ्या मावशीची?"

"मावशी कुणाला चावत नाही गं, ताई."

"ते फडकं वास मारतं."

"झाकलं नाही तर माती तडकते. मी काय करू?"

"मावशीला तिच्या घरी ठेव!"

अशात पाटीची आई भेटायला आली. पाटीचा तास चुकवण्यासारखा नव्हता. "आई, खोलीतच बस हं," असं बजावून ती गेली. "बसते गं बाई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आई म्हणाली. दुपारी लेक परत आल्यावर दोघी जेवल्या आणि आई गाडीला गेली.

संध्याकाळी मूर्तीवाली कॉलेजातून आली आणि गॅलरीतून ओरडलीच. आम्ही धावलो. मावशी उघडी पडली होती. दिवसभराच्या उन्हाने कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेलेला. एक कान गळून स्टुलाखाली पडला होता. फडक्याचा पत्ता नव्हता.

"झाकायला विसरलीस," पाटी म्हणाली.

"नाही गं, सकाळी भिजवून, नीट गुंडाळून गेले होते."

"मग फडक्याला काय पाय फुटले?"

"कुणीतरी काढलं असेल..."

"कुणीतरी म्हणजे? स्वतःचा निष्काळजीपणा आणि नाव दुसऱ्यांचं! आम्ही काय चोर आहोत? जिला स्वतःची वस्तू सांभाळता येत नाही, तिने सगळ्यांची जागा अडवू नये. उद्यापासून गॅलरी मोकळी पाहिजे. कुणाकुणाला पटतंय?"

एकेक हात वर गेला. मूर्तीवालीने कान उचलला आणि ओंजळीत धरला.

पुढचं पाटीनेच नंतर सांगितलं म्हणून ठाऊक. थोड्या वेळाने आईचा फोन आला. "पोचले गं. तुझ्या चादरी धुऊन गच्चीवर टाकल्यात, काढून घे. आणि ते फडकंही आण. गॅलरीत कुणीतरी चिखलाच्या गोळ्यावर टाकलं होतं, पार कुबट झालेलं. तू म्हणाली होतीस ना फोनवर, वास मारतं म्हणून? साबण लावून स्वच्छ केलंय बघ."

ती गच्चीवर गेली. फडकं वाळून कडक झालं होतं, साबणाचा वास येत होता. आधी तिला आईचा राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली. त्यांच्या घरात कुणाचंही फडकं कुणीही धुतं, त्याला माया म्हणतात. कुबट वासाची तक्रार आईच्या कानात घातली कुणी? तिनेच. पाहुणीला एकटं सोडलं कुणी? तेही तिनेच. फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? तेवढ्यात खालून स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि ती जिना उतरली.

मूर्तीवाली सामान आवरत होती.

"राहू दे ते," पाटी म्हणाली.

"का? ठरलंय ना सगळ्यांचं."

"माझ्या आईने काढलं फडकं. धुवायला."

मूर्तीवाली बघतच राहिली. "आणि मघाशी तू मला सगळ्यांसमोर..."

"मला तेव्हा माहीत नव्हतं गं."

"माहीत नव्हतं, तरी बोललीस."

"हो."

"काकूंना सांगू नकोस. त्यांच्या जिवाला लागेल."

पाटी म्हणते, तिने थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

"ओरड तरी माझ्यावर!"

"वेळ नाही. उद्या दाखवायचंय."

"पाणी आणू? काही धरू?"

"नको. हात नको लावूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला सगळ्या जमल्यावर पाटी उभी राहिली. मूर्तीवाली तेवढी नव्हती, डागडुजी केलेली मावशी घेऊन ती केव्हाच गेली होती. "काल मी तिला जे बोलले, ते खोटं होतं," पाटी म्हणाली आणि फोनसकट सगळं सांगून टाकलं. आमच्यातली एक वाचाळ ताण हलका करायला म्हणाली, "घ्या! पाटीच्याच घरचं निघालं की!"

शेजारणीने कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

"पाटी?" तिने विचारलं. आमच्याकडे एकेक करून पाहिलं. आम्ही कपात बघत बसलो. "बरं," ती म्हणाली. "गॅलरीत तिचं स्टूल राहू दे. आणि प्रमुख दुसरी बघा."

मूर्तीवाली जेमतेम पास झाली. दोघी बोलायच्या, नळावर नंबर लावण्यापुरतं. गॅलरीत कपडे वाळत घालायची वेळ आली तर पाटी ते बादलीत घेऊन गच्चीवर चढायची. भर उन्हातही.

आईचे फोन मात्र नेमाने यायचे. "पुढच्या खेपेला जिनाही घासून देते, किती कळकट ठेवलाय गं तुम्ही पोरींनी!"

"नको, आई. पुढच्या वेळी मीच घरी येते."

आई भलतीच खूश झाली, म्हणे.