खिशातले हात

भागीआत्याला काठवटीपासून उठवले, तेव्हा माझे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते. ते तिथे का होते, हे मी बारा-तेरा वर्षे कुणालाही सांगितले नाही.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. डोळखांबकडच्या आमच्या गावात कुणाचेही लग्न असो, हळदीला तांदळाच्या भाकऱ्या थापायचे पहिले बोलावणे तिला. माघातल्या सकाळी गार पाण्यात हात बुडाला की तिची बोटे खडूसारखी पांढरी पडत, मग निळसर होत. अंगठे मात्र तसेच राहत. ती हसून म्हणे, "रुसल्या गो माझ्या आठ सुना! दोन सासवा तेवढ्या धड हायत." चुलीशी हात धरला की बोटे लाल होऊन ठणकत, आणि भाकऱ्या पुन्हा सुरू होत.

नव्वदच्या दशकातल्या एका हळदीत नवऱ्यामुलाच्या काकाने ती बोटे पाहिली.

"ए भागीबाय, ऊठ तिथनं! महारोग घेऊन पिठात हात घालतेस?"

"महारोग नाय रं बाबा, आमच्या रक्तातलंच हाय ह्ये. माझ्या बापाची बोटं अशीच पडायची." मग ती माझ्याकडे वळली. "आमच्या मास्तरला इचार."

मास्तर मीच. आणि माझी बोटे त्या क्षणी खिशात तशीच पांढरी पडली होती. हे कळले, तर गावातले एकही मूल माझ्या वर्गात बसणार नाही, या भीतीने मी म्हणालो, "मला काही माहीत नाही."

आत्या उठली. जाताना एवढेच बोलली, "खिसा उबदार हाय ना रे?"

आजही संताप येतो. पंधरवड्याला गावात नर्सबाई येत असे. तिला विचारावे, असे एकालाही वाटले नाही. जिच्या हातची भाकरी दोन पिढ्यांनी खाल्ली, तिला चहाचा कप वेगळा आणि पंगतीत पान दूर! हे करणारे अडाणी होते, असे म्हणून सुटता येत नाही. त्यांच्यात शिकलेला एक माणूस उभा होता आणि तोच खोटे बोलला होता.

पुढे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीची बोटे हिवाळ्यात पांढरी पडू लागली. मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितले, "थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. हे पसरत नाही. पुष्कळदा घराण्यातून येते. आणखी कुणाला आहे?" मी प्रथमच हात टेबलावर ठेवले. "मला. आजोबांना होते. आत्यालाही आहे." तिने न शिकता सांगितलेले डॉक्टरांनी शिकून सांगितले होते. तिचे मात्र कुणी ऐकले नव्हते.

त्याच माघात गावात पुन्हा हळद होती. काठवटीभोवती बायका बसल्या होत्या. आत्या मांडवाच्या कडेला एकटी. मी भाकऱ्यांसाठी काढलेल्या पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवले आणि बोटे पांढरी होईपर्यंत तसेच ठेवले. कुणीतरी ओरडले, "मास्तर, पाणी बाटवता काय?" मी हात वर केले.

"नीट बघा. हा महारोग नाही. आमच्या घरात हे जन्मानेच येते. त्या दिवशीही माझे हात असेच होते, म्हणून मी ते खिशात लपवले. आत्या, तू खरे बोललीस आणि मी खोटे बोललो. मला माफ कर."