मोकळा हात

पालखी आमच्या दारापुढच्या खळ्यात टेकली. ढोल थांबला. शिमग्याला देवी घरी आली की घरच्या सुवासिनीनं ओटी भरायची, म्हणून माझी बायको खण-नारळाचं ताट घेऊन पुढे झाली. थोरली काकी सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "थांब गो. डाव्या हातात चुडा कुठंय? नवरा जिवंत आहे ना तुझा? तो काय उभा!"

कुणीतरी हसलं.

अठ्ठ्याण्णव साली मुंबईला तिचा डावा स्तन काढला. कॅन्सर होता. सगळे म्हणाले, सुटली. काही वर्षांनी त्याच बाजूचा हात सुजू लागला. पाणी भरल्यासारखा जड. बांगडी मनगटावर चढेना. काकीला हे ठाऊक होतं. विहिरीचं पाणी ओढता येत नाही म्हणून टोमणे तिनंच मारले होते.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि वहिनीला दिलं. देवीसमोर वाद नको, असं स्वतःला सांगितलं. खोटं. मला लाज वाटत होती. तिची.

पालखी गेल्यावर ती खोलीत आली. ब्लाऊजमधली कापसाची उशी काढून खाटेवर टाकली. स्वतः शिवलेली. वाळत घालायची तीही साडीखाली झाकून.

"बघा इकडे. एवढ्या वर्षांत बघितलं नाहीत. मी साडी बदलायला लागले की तुम्ही बाहेर जाता. काकी आज बोलली. तुम्ही रोज बोलता, तोंड न उघडता."

मी बघितलं. काखेपर्यंत ओढलेला व्रण. बरगड्या. आणि पातळ कातडीखाली उडणारं काळीज, डोळ्यांना दिसणारं. याला मी घाबरत होतो.

पुढच्या शिमग्यात मी ताट तिच्यापुढे धरलं.

"मला नाही भरायची," ती म्हणाली. "तेव्हा भरायची होती."

वहिनी गेल्या वर्षीसारखी पुढे आली. मी ताट सोडलं नाही.

काकी ओरडली, "देवीला रिकामी पाठवतोस, मेल्या?"

"होय. जिथं हिचा हात चालत नाही, तिथं कुणाचाच चालणार नाही. मी जिवंत आहे तोवर."

पालखी उचलली. बायको केव्हाच आत गेली होती. तिनं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. ताट मात्र या दारात पुन्हा दुसऱ्या हातात जाणार नाही.