वरची चिमूट

लालीबाईची गोठ सांगायची म्हणजे पहिले मले माझा येडेपणा सांगावा लागते. त्याले इलाज नाही. सांगतो.

घाटंजीले एसटी स्टँडच्या समोर माझं दुकान, संघदीप ग्राफिक्स. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर, झेरॉक्सचं मशीन आन चार खुर्च्या, त्यातली एक मोडकी. लग्नपत्रिका, सातबाऱ्याची झेरॉक्स, वाढदिवसाचे बॅनर, असा धंदा. साल होतं २००७. कापसाचे दिवस इतके वंगाळ, का बाजारात कोणी कोणाले 'कसं चाललं' म्हणून विचारतच नव्हतं. अशात मी नागपूरले जाऊन पाच दिवसाचं ट्रेनिंग करून आलो. छोट्या धंदेवाल्यायले ब्रँडिंग आन कॉम्प्युटरचा सल्ला कसा द्याचा, त्याचं ट्रेनिंग. सर्टिफिकेट भेटलं. मी ते फ्रेम करून खुर्चीच्या मागं लावलं. शीला, म्हणजे माझी बायको, म्हणे, "याच्यापेक्षा ते मोडकी खुर्ची नीट केली असती तर?" जळते ते. जाऊ द्या.

पाटी लावून आठ दिवस झाले, पण सल्ला घ्याले कुत्रं फिरकलं नाही. नवव्या दिवशी लालीबाई आली.

तिले घाटंजीच्या बाजारात कोण ओळखत नाही? उंचीपुरी बाई, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, आन आवाज असा का ह्या टोकाले बोलली तर त्या टोकाच्या माणसानं 'ओ' द्यावं. तिचा तांडा घाटंजीहून सात किलोमीटर. वीस वर्षं झाली, तांड्यावर असली का दर बाजाराले टोपलं घेऊन यायची आन जवसाची चटणी विकायची. तांड्यातल्या पाच बायायचा तिचा बचत गट होता.

"दीपभाऊ," मोडक्या खुर्चीवरच बसली ती, पण पडली नाही, "दिवाळीच्या आंधी यवतमाळले गटायचं प्रदर्शन हाय. माल बंद पाकिटात पाह्यजे म्हन्ते. त्याच्यावर नाव पाह्यजे. तुमी करून द्या."

"मावशी, तुम्ही बरोब्बर माणसाकडं आल्या," मी म्हणलं आन मागच्या फ्रेमकडं बोट दाखवलं. तिनं फ्रेमकडं पाह्यलंच नाही.

"नीट आयका," म्हणे. "माही सून मोतीबाई पोटुशी हाय. दिवाळी झाली का ऊसतोडीले न्याले मुकादमाचा ट्रक येते, तुमाले ठावं हाय. माहा सेवादास उसाच्या पाचटावर जलमला. फडात. पानी तापवाले भांडं नव्हतं. ते झालं, गेलं. पन नातवंड मी पाचटावर नाई येऊ देनार. तांड्यात आलं पाह्यजे, माह्या घरात. यवतमाळले चटनी चालली, हप्त्याचं गिऱ्हाईक लागलं, तर आमी ट्रकात नाई बसत. नाई चालली तर बसतो. सून बी बसते."

एवढं सांगून तिनं लुगड्याच्या गाठीतून चिमूटभर चटणी काढली आन माझ्या तळहातावर ठेवली. "घ्या. वरचं हाय."

काय चटणी हो ते! भाजलेलं जवस, लसूण, मिरची, आन अजून काहीतरी जे ती कोणाले सांगत नाही. डोळ्यातून पाणी आलं तरी माणूस हात चाटत राहते.

मंग मी सुरू झालो. नागपूरले शिकवलं होतं, का नाव असं पाह्यजे जे मोठ्या शहरातलं वाटलं पाह्यजे. मी नाव काढलं, 'क्वीन लाली गोल्ड'. फोटोच्या सीडीतून एक गोरीपान बाई शोधली, केस मोकळे, हातात लाल मिरची, हसून राह्यली. सोनेरी अक्षरं. इलेक्ट्रिक काटा आणला, शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम, एक दाणा इकडं नाही, एक तिकडं नाही. पाकिटाचं तोंड दाबून चिकटवायचं मशीन नागपूरहून मागवलं. लेबलवर फोन नंबर लागते, लालीबाईजवळ फोन कुठचा? माझाच टाकून देल्ला.

लालीबाईनं लेबल हातात धरलं. "हे कोन?"

"मॉडेल आहे, मावशी."

"इनं जवस भाजलं काय कधी? केस पाहा कसे मोकळे. चटनीत पडतीन ना, माय!"

तिच्यासंग आलेल्या गटातल्या बायका फिदीफिदी हसल्या. मले राग आला. म्हणलं, "मावशी, मी शिकून आलो का तुम्ही?" ती चूप बसली. चूप बसली म्हणून मले वाटलं, पटलं तिले.

प्रदर्शनाच्या आधी घाटंजीच्या बाजारात पाहून घेऊ म्हणून आम्ही पन्नास पाकिटं मांडली. टोपलं घरी ठेवाले लावलं. मी सोता बाजूले उभा, छाती काढून. पहिली आली एक म्हातारी, वीस वर्षाची गिऱ्हाईक. तिनं पाकीट उलटं केलं, पालटं केलं, नाकाले लावलं. वास येईना. तरी तिनं पैसे देल्ले, आन मंग सवयीनं तळहात पुढं केला.

लालीबाई त्या हाताकडं पाहतच राह्यली.

तुम्हाले सांगतो, आमच्या बाजारात वजन झालं म्हणून सौदा होत नाही. वजन झाल्यावर विकणारी वरून चिमूट टाकते, तवा सौदा होते. वजनाचं असते ते विकत, आन वरचं असते ते मनाचं. वरची चिमूट नाही पडली तर गिऱ्हाईकाले वाटते, का या बाईच्या मनात माझ्यासाठी काहीच नाही. मी घाटंजीत जन्मलो, घाटंजीत वाढलो, माझ्या मायसोबत हजारदा बाजार केला, आन पाच दिवस नागपूरले राहून हे इसरून आलो!

"वर काय टाकू वो बाई," लालीबाई हळूच बोलली, "तोंड बंद हाय त्याचं."

म्हातारीनं पाकीट ठेवून देल्लं. "कंपनीवाली झाली वो तू, लाली." आन पैसे वापस घेऊन चालती झाली.

दिवसभर असंच. सहा पाकिटं गेली, त्यातलं एक मीच घेतलं. वापस येताना मी भडकलो. स्वतःवरचा राग होता, काढला तिच्यावर. "मंग विका टोपल्यातच! प्रदर्शनवाले उभं करतीन काय तुम्हाले उघडा माल घेऊन? नियम आहे तो! पाकीट बंदच लागते! मी काय करू?"

"वरडू नोका, भाऊ," म्हणे. "घसा कोरडा पडन." तिच्या डोळ्यात पाणी होतं. मी पहिल्यांदाच पाह्यलं. दुकानात आल्यावर ती खाली बसून राह्यली. टेबलाखाली लेबलं कापून उरलेल्या पांढऱ्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्यायचा ढीग होता. ती त्यातली एक पट्टी बोटायनं दुमडत बसली होती. "हे फेकता काय?" तिनं विचारलं. म्हणलं, "न्या." सगळा ढीग ओट्यात भरून ती निघून गेली. त्या रात्री मी जेवलो नाही. शीलानं ताट झाकून ठेवलं आन सर्टिफिकेटचा इषय नाही काढला, म्हणजे समजा किती वंगाळ झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी शटर उघडतो तं लालीबाई पायरीवर. सोबत मोतीबाई, पोट बऱ्यापैकी दिसाले लागलेलं. टोपलं खाली ठेवलं. आतमंदी माझीच सील केलेली पाकिटं. पण दर पाकिटाच्या गळ्यात पांढऱ्या सुतानं बांधलेली एक इवलीशी तिकोनी पुडी. कागद माझ्या लेबलच्या पट्ट्यायचा. सूत त्यायच्याच शेतातल्या कापसाचं, मांडीवर वळलेलं.

"कापसाले कोनी इचारत नाई ना," मोतीबाई हसून म्हणे, "मंग आमीच कामाले लावला."

"बंद पाकीट नियमाचं," लालीबाई म्हणे. "पुडी माही. गिऱ्हाईकानं पुडी आंधी सोडाची, चाखाची. मंग पाकीट न्याचं का नाई ते पाहाचं."

मी त्या पुडीकडं पाहत राह्यलो. पाच दिवसात नागपूरले जे कोणी सांगितलं नाही, ते या बाईनं माझ्या कचऱ्यातून काढलं होतं. मले इतकं भरून आलं, का मी एकदम तिच्या पाया पडलो. "अरे, अरे, येडा झाला काय!" म्हणे. पहिल्यांदा 'अरे' म्हणाली ती मले. बरं वाटलं.

"आता हे मोकळ्या केसाची काढा," तिनं हुकूम सोडला.

"मंग तिच्या जागी काय टाकू?"

मोतीबाईनं सासूचा हात धरून वर केला. अंगठा आन दोन बोटं, चिमूट धरलेली. मनगटावर गोंदण, मागं बांगड्या. "हे टाका."

कॅमेरा नव्हता माझ्याजवळ. म्हणलं, स्कॅनरवर ठेवा हात. लालीबाईनं काचेवर चिमूट टेकवली, मी बटण दाबलं, खालून हिरवा उजेड सरकत गेला आन तिनं असा हात ओढला का बांगड्या खणाखणा वाजल्या. "पोळते काय हे?" स्टँडवरचे लोक दारात जमा झाले. तिसऱ्या खेपेले हात बरोबर आला. नाव टाकलं 'लालीबाईची चटणी', खाली तांड्याचं नाव. 'क्वीन' गेली, 'गोल्ड' गेलं. नंबर बदलाचा राहूनच गेला, माझाच राह्यला.

यवतमाळच्या मैदानात मंडप, तीन दिवसाचं प्रदर्शन. पहिल्या दुपारी आमच्याकडं कोणी पाहे ना. बाजूच्या स्टॉलवाल्याजवळ माइक होता. लालीबाईले माइक कायले लागते? तिनं एक हाक मारली, "ओ पोट्ट्यायनो! पाकीट नोका घेऊ, पुडी सोडून पाहा!" चारपाच कॉलेजच्या पोरी हसत आल्या. एकीनं पुडी सोडली, जिभेवर टाकली, डोळे पुसले, आन दुसरीच्या पाकिटाची पुडी हिसकून घेतली. त्या संध्याकाळी माल संपला. रातोरात तांड्यात जवस भाजलं, सेवादासनं सकाळी फटफटीवर पोतं आणलं. दुसऱ्या दिवशी लोक विचारत येऊन राह्यले, "ते पुडीवाली कुठं बसते?" 'लालीबाई' कोणी म्हणे ना, मी केलेलं लेबल कोणी वाचे ना. मले काही दुःख नाही झालं, खरं सांगतो.

तिसऱ्या दिवशी एका वसतिगृहाचा मेसवाला आला. दर हप्त्याले दहा किलो. पाठोपाठ आर्णीचा एक किराणावाला. मी मोठ्या ऐटीत म्हणलं, "पुडी नसन लागत तर भाव कमी करून देऊ." लालीबाईनं मले असं पाह्यलं का मी खालीच बसलो. "पुडी राहीनच," तिनं किराणावाल्याले सांगितलं. "हप्त्याले येऊन मी सोता बांधून देईन."

दिवाळीच्या पाचव्या दिवशी मी नवी लेबलं घेऊन तांड्यावर गेलतो, तं ट्रक उभाच होता. लोक बोचकी चढवून राह्यले होते. लय घरं चालली होती. मुकादम हिरासिंग लालीबाईच्या दारात येऊन उभा राह्यला. तसा माणूस वाईट नाही.

"बांधलं काय सामान, लालीबाई?"

"बांधलं ना." तिनं आतून पोतं ओढत आणलं. "पन हे यवतमाळले चाललं. आमची पाच घरं इथीच राह्यते औंदा."

मोतीबाई उंबऱ्यात बसून पुड्या बांधत होती, तिच्याकडं हिरासिंगनं पाह्यलं. मंग खिशात हात घातला. "बरं मंग, पाच पाकिटं दे. रस्त्यात भाकरीसंग होतीन." पाकिटं घेतली, आन तळहात पुढं केला. "वर?"

लालीबाई अशी हसली का सगळा तांडा वळून पाहू लागला. तिनं पुड्यायची ओंजळच्या ओंजळ उचलली आन म्हणे, "हे तुले नाई. ट्रकात बसले त्या सगळ्यायले वाट."

तवापासून माझ्या फोनले आराम नाही. मी लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासून राह्यलो, का फोन: "पुडीवाली चटणी भेटन काय?" जेवाले बसलो, का फोन. शीला म्हणे, "ब्रँडिंगवाल्याचा चटणीवाला झाला!" खुर्ची मात्र नीट करून घेतली मी, लालीबाई येऊन बसते म्हणून.

माघातली दुपार होती. फोन वाजला. म्हणलं, "बोला, किती पाकिटं?"

तिकडून असा आवाज आला का फोन नसता तरी आयकू आला असता. "दीपभाऊ! मी लाली! बूथवरून बोलून राह्यली! पाकीट दाखवलं बूथवाल्याले, त्याच्यावरचा नंबर लाव म्हनलं!"

जन्मात पहिल्यांदा फोन लावला होता तिनं.

"काय झालं, मावशी?"

"नात झाली! घरात झाली! माह्या घरात, तांड्यात! नर्सबाई होती, गरम पानी होतं, समदं होतं!" मंग ती रडाले लागली, आन रडता रडता हसाले लागली. मलेही काही सुधरेना. दुकानात गिऱ्हाईक उभे, मी आपला डोळे पुसून राह्यलो. काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, "वजन किती भरलं पोरीचं?"

"नर्सबाईनं काट्यावर घेतली ना! अडीच किलो!" लालीबाईनं दम घेतला. "आन वर चिमूटभर!"