नोंदवहीतलं गाव

मोताळ्याच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. स्वभावानं तापट, हे सारं गाव जाणतं. आमच्याकडे कॉम्प्युटर दोनच, त्यामुळे पोरांची रोज भांडणं. म्हणून मी नियम केला: नोंदवहीत नाव, वेळ अन् काम लिहायचं, मगच अर्धा तास बसायचं. संध्याकाळी मी पानाखाली सही ठोकायची. वाचतंय कोण!

एक दिवस समितीचे अध्यक्ष आले, तर पोरं गेम खेळत बसलेली. "हे वाचनालय हाये का जत्रा?" चार लोकांसमोर ते मला म्हणाले. माझं डोकंच सटकलं. त्याच दुपारी सगळे गेम मी पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी नववीतली एक पोरगी आली. तिची आई मजुरीला जाते, घरात मोठा फोन नाही. स्क्रीनकडे पाहत ती म्हणाली, "मॅडम, माह्यं गाव कुठी गेलं?"

"कोणतं गाव वं? अभ्यास कर!" मी खेकसले. ती गेली, ती पुन्हा आलीच नाही.

आठवड्यानं अध्यक्षांना दाखवायची म्हणून मी नोंदवही उघडली. 'काम' या रकान्यात साऱ्यांनी 'अभ्यास' लिहिलेलं. लबाड लेकाचे! खरं फक्त त्या नववीतल्या पोरीनं लिहिलं होतं. गेममध्ये ती एक गाव वसवत होती. 'विहीर खोदली.' 'पूल बांधला, पडला.' 'कपाटातलं पुलाचं पुस्तक वाचलं.' 'पूल उभा राह्यला.' 'शाळा झाली, वाचनालय बाकी.' पावसाळ्यापासूनचं सगळं, आणि प्रत्येक पानाखाली माझी सही. माझी मलाच लाज वाटली.

ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून मी तो गेम परत टाकून घेतला आणि तिच्या घरी गेले. "चाल, तुझा गेम आणला. चुकलंच माझं," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. वही ओढली, पेन उचललं, जरा थांबली. मग लिहिलं, 'अभ्यास'.

"अवं, खरं लिही ना. मी काही रागावत नाही."

"खरं लिहिलं म्हणूनच तर पुसलं ना तुमी?" ती हळूच म्हणाली. "रोज वाचूनच तर सही करत होत्या."

मी एक ओळही वाचली नव्हती, एवढं सांगायला माझी जीभ उचलेना. सांगितलं मात्र.